छातीवरचे नाव

हल्ली माणसांच्या कपड्यांवर वाचण्यासारखे पुष्कळ असते. लोकलमध्ये समोर उभ्या असलेल्याच्या छातीवर परदेशी विद्यापीठाचे, बीयरचे नाहीतर एखाद्या वाद्यवृंदाचे नाव असते आणि त्या गृहस्थाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नसतो. यात गैर काही नाही. तीर्थक्षेत्राहून आणलेला गंडा आणि परगावाहून आणलेला टी-शर्ट, दोहोंचे काम एकच. आम्ही, निदान आमचे कुणीतरी, तिथे जाऊन आलो, हे चारचौघांना सांगायचे!

आमच्या घरीही पुतण्याने न्यूयॉर्कहून माझ्या नातीसाठी आणलेला एक टी-शर्ट आहे. काळा रंग, त्यावर सोनेरी ट्रम्पेट, 'कॉटन क्लब, हार्लेम' ही अक्षरे आणि खाली 1923 हे साल. "आजोबा, इथे जॅझमधले मोठमोठे लोक वाजवायचे," असे नातीने मला सांगितले. ते खरेच आहे. मी एवढेच विचारले, की ऐकायला कोण बसायचे?

या प्रश्नाचे उत्तर टी-शर्टवर नाही. हार्लेम ही न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीयांची वस्ती. तिथल्या लेनॉक्स अॅव्हेन्यू आणि 142 व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर जॅक जॉन्सन या मुष्टियोद्ध्याने 1920 मध्ये एक क्लब काढला होता. जॉन्सन हा जागतिक हेवीवेट अजिंक्यपद मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय. ती जागा पुढे ओनी मॅडन या टोळीवाल्याच्या हाती गेली. सिंग सिंग तुरुंगाची हवा खाऊन आलेल्या या गृहस्थाला अमेरिकेतील दारूबंदीच्या काळात आपली बीयर खपवायला एक झोकदार दुकान हवे होते. क्लबचे नाव ठेवले 'कॉटन', म्हणजे कापूस. ज्याच्या शेतांत गुलामांच्या पिढ्या राबल्या तोच. सजावटही दक्षिणेतल्या मळ्यांची. रंगमंचावर वाजवणारे, गाणारे, नाचणारे सारे कृष्णवर्णीय आणि टेबलांशी बसणारे गोरे. पुढे हा नियम जरासा सैल झाला म्हणतात, पण क्लबची ओळख तीच राहिली. ज्या वस्तीत क्लब होता त्या वस्तीला तो बंद होता.

नाचणाऱ्या मुलींसाठी अटी होत्या. वय 21 च्या आत, उंची किमान 5 फूट 6 इंच आणि वर्ण उजळ. हे वाचून आपण लगेच नाक मुरडू नये. रविवारच्या वर्तमानपत्रातील विवाहविषयक जाहिरातींचे पान फार लांब नसते. लीना हॉर्न ही पुढे नामवंत झालेली गायिका 1933 मध्ये याच ताफ्यात आली, तेव्हा ती 16 वर्षांची होती.

मी आयुष्यभर बँकेत ताळेबंद वाचले. धंदा विकला जातो तेव्हा इमारत, यंत्रे, माल यांच्या पलीकडे 'गुडविल' नावाची एक रक्कम मांडतात. डोळ्यांना न दिसणारी, पण नावाला चिकटलेली किंमत. कॉटन क्लबचे गुडविल कुणी कमावले? 1927 ते 1931 ड्यूक एलिंग्टन आणि त्याच्या वादकांनी, त्यांच्यामागून कॅब कॅलोवेने. खाते मात्र मॅडनच्या नावावर. टी-शर्टवर आज क्लबचे नाव झळकते, ही त्याच जुन्या नोंदीची पुढे ओढलेली शिल्लक आहे.

अर्थात एलिंग्टनच्या पदरात काही पडले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तिथून त्याच्या संगीताचे रेडिओवर प्रक्षेपण होई आणि दारावरच्या पहारेकऱ्याला ध्वनिलहरी अडवता येत नाहीत. क्लबात पाऊल टाकू न शकणाऱ्यांच्या घरांत तो असा पोहोचला. दर रात्री तोच रंगमंच मिळाल्यामुळे नव्या रचना घडवायला त्याला हक्काची जागाही मिळाली. कलावंत अपमानाच्या जागेतूनही आपले काम काढून घेतो. म्हणून जागा पवित्र होत नाही, इतकेच.

हे संगीत आपल्याला परके नाही. 1935 मध्ये लिऑन अॅबीचा कृष्णवर्णीय वाद्यवृंद मुंबईच्या ताजमध्ये वाजवत होता. पुढे टेडी वेदरफोर्ड आला. गोव्याच्या वादकांनी या मंडळींकडून जॅझ उचलले आणि ते हिंदी चित्रपटांत नेले. 1951 च्या 'अलबेला'त सी. रामचंद्र यांच्या साथीला चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रम्पेटवादक होता. ती गाणी आपल्याकडे लग्नाच्या वरातीत वाजली! खुद्द एलिंग्टन 1963 मध्ये मुंबईत येऊन गेला, तोही अमेरिकी सरकारचा सांस्कृतिक दूत म्हणून. हॉटेलांत आणि उपाहारगृहांत वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा त्याच्या देशात व्हायला तेव्हा एक वर्ष अवकाश होता.

नातीने तो टी-शर्ट घालू नये असे मी म्हटले नाही. ती तो घालते. मात्र तिच्याबरोबर न्यूयॉर्कचा नकाशा पाहताना मी तिला आणखी एक जागा दाखवली. त्याच लेनॉक्स अॅव्हेन्यूवर, कॉटन क्लबपासून हाकेच्या अंतरावर, 140 आणि 141 व्या रस्त्यांच्या मध्ये 'सॅव्हॉय बॉलरूम' होते. 1926 मध्ये सुरू झालेले, 1958 मध्ये बंद पडलेले. तिथे काळे-गोरे एकाच लाकडी फरशीवर नाचत. इमारत आता नाही. 2002 मध्ये त्या जागी एक स्मृतिफलक बसवला गेला आणि त्याचे अनावरण फ्रँकी मॅनिंग व नॉर्मा मिलर यांनी केले. दोघेही तरुणपणी त्याच फरशीवर नाचलेले होते.