वाढप्याचा भरवसा

‘हल्ली भरवशाची पोरे मिळत नाहीत हो!’ हे वाक्य मी गेल्या दोन वर्षांत इतक्या वेळा ऐकले आहे, की मंगलाष्टकांइतकेच ते मला पाठ झाले आहे. लग्नाचे यजमान ते केटररला ऐकवतात, केटरर मुकादमाला ऐकवतो आणि मुकादम आम्हाला. आमच्या पुढे कोणी नसल्यामुळे आम्ही ते मुकाट्याने ऐकून घेतो. आज या अंकाची पाने मिळाली आहेत, तेव्हा त्याला उत्तर देण्याची संधी सोडावी असे मला वाटत नाही.

मी माण तालुक्यातला. पुण्यात कॉट बेसिसवर राहतो आणि लग्नसराईत मंगल कार्यालयांतून वाढपी म्हणून जातो. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे किती आहेत याची कोठे नोंद नाही, पण वैशाखातल्या मोठ्या मुहूर्ताच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला मागच्या बाकांवर कोण कोण पेंगत असते ते पाहिले म्हणजे अंदाज येईल. तुळशीचे लग्न लागले की आमचा हंगाम सुरू होतो, पौषात जरा थंडावतो आणि पुढे आषाढापर्यंत चालतो. वार्षिक परीक्षा आणि वैशाखाचे मुहूर्त एकमेकांवर येतात हा विद्यापीठाचाही दोष नव्हे आणि पंचांगाचाही!

आम्हाला कामावर घेण्याची पद्धत अगदी सोपी आहे. आदल्या रात्री मोबाइलवर मुकादमाचा निरोप येतो : ‘उद्या १२ पोरे पाहिजेत, काळी पँट, ९ वाजता.’ कोणाचे लग्न, किती पाने, सुटका केव्हा, पैसे किती, यांतले काहीही त्यात नसते. ९ वाजता दारात पोचले की डोकी मोजतात, ढगळ जाकिटे वाटतात आणि १२च्या पंगतीला उभे करतात. ही झाली निवड आणि हेच शिक्षण. मग कोणी पाहुण्याच्या शालूवर मठ्ठा सांडला की सगळे म्हणतात, पोरे बेजबाबदार आहेत.

पान वाढणे ही शिकण्याची गोष्ट आहे हे मलाही पहिले सहा महिने ठाऊक नव्हते. ते एका म्हाताऱ्या आचारीकाकांनी शिकवले. त्या दिवशी मुहूर्त लांबला होता आणि आम्ही मुदपाकखान्यामागे उगाच बसलो होतो. काकांनी केळीचे एक पान जमिनीवर मांडले आणि अर्ध्या तासात सारे समजावून दिले. मीठ वरती मधोमध. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाज्या आणि आमटीची वाटी. भाताची मूद समोर, तिच्यावर वरण, आणि तूप आल्याखेरीज हात कोणी चालवीत नाही, म्हणून तूपवाला मागे राहिला तर सगळी पंगत अडते. बादली गुडघ्याच्या वर उचलायची नाही. ओगराळे भरले की बादलीच्या काठाला तळ पुसायचा, म्हणजे थेंब गळत नाही. जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे नाही, पानाकडे बघायचे. माणूस ‘नको’ म्हणतो, पण पान खोटे बोलत नाही. एका वाढप्याला २५ पाने, त्याहून जास्त दिली तर तो धावतो, आणि जो धावतो तो सांडतो.

या अर्ध्या तासाने माझ्यात केवढा फरक पडला! तोपर्यंत मी मान खाली घालून वाढत असे, न जाणो एखादे प्राध्यापक पंगतीत असायचे. त्यानंतर ती लाज गेली. काम येऊ लागले की लाज जाते, असा निदान माझा अनुभव आहे. आता बुफेचे दिवस आहेत, पंगती कमी झाल्या, हे खरे. पण टेबलामागे उभे राहून पोळ्या वाढणाऱ्यालाही मागची रांग बघून आतून पोळ्या कधी मागवायच्या ते कोणीतरी सांगावेच लागते. ते कोणी सांगत नाही.

आता आमच्या बाजूचेही सांगतो, नाहीतर ही एकतर्फी फिर्याद होईल. गेल्या मार्गशीर्षात मी याच काकांना ‘येतो’ म्हणून शब्द दिला आणि सकाळी दुसऱ्या कार्यालयात १०० रुपये जास्त मिळतात असे कळताच तिकडे गेलो. माझ्याबरोबर आणखी दोघांना नेले. त्या दुपारी माणसे कमी पडली म्हणून काका, साठी उलटलेला माणूस, चुलीपासून उठून स्वतः बादली घेऊन पंगतीत फिरले. पुढच्या वेळी भेटल्यावर ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. तेव्हा भरवसा आम्ही मोडतो, हे मला मान्य आहे. पण ज्या मुकादमाने आमचे पैसे तीन-तीन आठवडे अडकवून ठेवावेत, त्यानेही भरवशाची भाषा करावी हे मला मान्य नाही.

याहून गंभीर गोष्ट वेगळीच आहे. माझा खोलीतला सोबती मराठवाड्यातून आलेला. एका कार्यालयात ओल्या फरशीवर तो घसरला आणि अळूच्या कढत भाजीची बादली त्याच्या पायावर आली. घोट्यापासून बोटांपर्यंत पाय भाजला. कोणीतरी २०० रुपये हातावर ठेवून त्याला रिक्षात बसवले. दुसऱ्या दिवशी आम्ही दवाखान्याचे बिल घेऊन गेलो तेव्हा केटरर म्हणाला, पोरगा माझा नव्हे, मुकादमाने आणला. मुकादम म्हणाला, फरशी कार्यालयाची, त्यांना विचारा. कार्यालयाच्या व्यवस्थापकाने वही उघडून दाखवली. तीत खुर्च्या, पातेली, ताटे, वाट्या, सगळ्यांचा आकडा होता. माझ्या मित्राचे नाव कोणाच्याच वहीत नव्हते. वर्गातल्या मुलांनी वर्गणी काढून बिल भागवले. त्याचा एक पेपर बुडाला, तो बुडालाच.

रोज नवा मालक असणारा माणूस नेमका कोणाचा, हा प्रश्न काही आमच्यापासून सुरू झालेला नाही. बाजारातल्या हमालांचे हेच दुखणे होते. अण्णासाहेब पाटलांनी त्यांना संघटित केले आणि १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. त्यातली कल्पना मला फार शहाणपणाची वाटते : हमाल आणि मालक दोघांचीही नोंद एका मंडळात व्हायची, मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळात भरायची, आणि तिच्यातून हमालाचा भविष्यनिर्वाह निधी, औषधपाणी वगैरे चालायचे. मालक रोज बदलला तरी माणूस बेवारशी होत नाही. वाढप्यांचे मंडळ काढा असे मी म्हणत नाही. आम्ही दोन-तीन वर्षांचे पाहुणे, पुढे कोणी शिक्षक होईल, कोणी स्पर्धा परीक्षा देत बसेल. पण एक वही ठेवायला काय हरकत आहे?

ही वही आपल्या महाविद्यालयानेच ठेवावी असे माझे मत आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमाला शिक्षणाच्या पंगतीत बसवले; त्यांच्या ‘कमवा आणि शिका’चे नाव आपण घेतो, आणि त्या योजनेत मुले ग्रंथालयात, बागेत, कार्यालयात तासावर काम करतात. त्याच खोलीत बाहेर काम करणाऱ्यांची यादी असावी. ज्या केटररला मुले हवीत त्याने तेथे यावे, तारीख, तास, मजुरी आणि अपघात झाला तर जबाबदार कोण हे लिहून द्यावे. मुलाने एकदा ‘येतो’ म्हटले आणि तो गेला नाही, तर त्याचे नाव महिनाभर यादीतून काढावे. माझे काढले असते तर मला तक्रार करायला तोंड नव्हते. हंगामाआधी एका रविवारी आचारीकाकांसारख्या जाणत्या माणसाला मानधन देऊन बोलवावे. मुलींचाही विचार व्हावा. स्वागताला नऊवारी नेसून पाच-पाच तास उभ्या राहणाऱ्या आपल्याच वर्गभगिनी आहेत, आणि रात्री वसतिगृहाचे दार बंद झाल्यावर त्यांनी कोठे जावे याचा विचार त्यांना उभे करणारा करीत नाही.

आणखी एक फायदा होईल, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला. काही ठिकाणी नाव विचारण्याआधी आडनाव विचारतात. ते ऐकून कोणाला पंगतीत पाठवतात, कोणाला मागे भांड्यांकडे. मी हे स्वतः पाहिले आहे, एकदा नव्हे. मुलगा महाविद्यालयाच्या यादीवरून, ‘वाढपी’ म्हणून नेमून गेला, तर त्याला मागे पाठवणाऱ्याला निदान कारण तरी द्यावे लागेल.

या मजकुराचा अर्ज आम्ही ३१ जणांनी सह्या करून प्राचार्यांकडे दिला आहे. माझ्या सोबत्याची सही त्यात पहिली आहे. अर्जाची पोच आमच्याजवळ आहे.