डेक भंगारात देण्यापूर्वी...

शाळेच्या कपाटातील जुन्या स्टिरिओ कॅसेट डेकचा आता काय उपयोग, असे काही पालक विचारतात. आमच्या मते उपयोग आहे, आणि तो आताच करून घ्यायला हवा.

फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली. पुढे आपल्या सीमाभागातही घरोघरी भजने, आजीच्या ओव्या, स्नेहसंमेलनातील भाषणे तिच्यात साठली. बेळगाव-निपाणीच्या मराठीचा कानडी हेल पुस्तकात छापता येत नाही. तो या फितींतच ऐकू येतो. पण फिती जुन्या होत चालल्या आहेत.

साध्या टेपरेकॉर्डरपेक्षा डेक या कामाला बरा. डाव्या-उजव्या आवाजाचे दोन मीटर, फितीच्या प्रकाराचे बटण, खरखर कमी करणारे डॉल्बी, जागा शोधायला आकड्यांचा काउंटर, आणि संगणकाला जोडता येईल अशी मागची जोडणी. मात्र आधी हेड पुसावे, सैल झालेला रबरी पट्टा बदलावा. चुकून आवाज पुसला जाऊ नये म्हणून कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही चकत्या मोडून टाकाव्यात.

नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटे लागतातच. ती वाया जात नाहीत. मुलांनी आजी-आजोबांना शेजारी बसवावे. आवाज कोणाचा, गाव कोणते, साल कोणते, हे विचारून वहीत लिहावे. हे सांगणारी माणसे आज आहेत.

विश्वस्तांनी डेक दुरुस्त करून द्यावा, पालकांनी माळ्यावरच्या कॅसेट खाली काढाव्यात, एवढीच विनंती.