साखर पिकवणाऱ्यांच्या पोरांनी काय खावे?

साखर कारखान्याच्या अंकात ‘साखर कमी खा’ म्हणून लिहिणे म्हणजे आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा पाडून घेणे, असे काही सभासदांना वाटेल. वाटू द्या. देशातल्या साखरेचा मोठा वाटा शीतपेयवाले, मिठाईवाले आणि बिस्किटवाले उचलतात. शिवाय आता इथेनॉलही आहे; पेट्रोलमध्ये २० टक्के मिसळण्याचा टप्पा देशाने २०२५ साली गाठला. तेव्हा सभासदाच्या चहात एक चमचा कमी पडला म्हणून आपले गाळप थांबणार नाही, एवढी खात्री असावी.

हिशेब साधा आहे. वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा, पाच टक्क्यांच्या आत आणली तर आणखी बरे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम. पाच माणसांच्या घराला महिन्याला पावणेचार किलो, आणि त्यात चहा, शिरा, बिस्किटे, थंड पेये सगळे आले. सवलतीच्या साखरेचे पोते किती दिवसांत रिकामे होते, ते प्रत्येकाने घरच्या कारभारणीला विचारून पाहावे. ‘आम्ही गुळाचा चहा घेतो, त्यानं काय होत नाही’ असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. अहो, गुळातही बहुतेक साखरच असते! तो आपल्याच उसाचा आहे म्हणून पोटात गेल्यावर वेगळा वागत नाही. आणि दोनशे मिलिलीटरच्या कोलाच्या बाटलीत वीस ग्रॅमच्या आसपास साखर असते. एका बाटलीत पोराचा दिवसाचा वाटा संपला.

पण आमचे खरे दुखणे साखरेपेक्षा ताटाचे आहे. पाटाचे पाणी आले, ऊस आला, त्या पैशावर पक्की घरे झाली, पोरे शिकली. हे नाकारणारे आम्ही नव्हे. मात्र त्याच पाण्याबरोबर शाळू गेला, करडई गेली, हुलगा-मटकी गेली, बांधावरची तूरही गेली. आज चार एकर ऊस असलेला बागायतदार बाजाराच्या दिवशी मेथीची जुडी विकत आणतो, आणि त्यात कुणाला नवल वाटत नाही! पूर्वी भांगलायला गेलेली बाई येताना ओच्यात घोळ, तांदुळजा, पाथरी घेऊन यायची. संध्याकाळची भाजी झाली. आता उसातल्या रुंद पानाच्या तणावर आपण २,४-डी मारतो, त्यात ही भाजीही जळते. भांगलायला माणूस मिळत नाही, मजुरी परवडत नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. तणनाशक सोडा असे सांगायला आम्ही बसलेलो नाही. विहिरीजवळचे दोन गुंठे तेवढे फवाऱ्यातून वगळा, एवढेच मागणे.

त्या दोन गुंठ्यांत काय होत नाही? पूर्वहंगामी लागणीत हरभरा, कांदा, कोबी येतो. सुरू लागणीत मेथी, कोथिंबीर, भुईमूग येतो. ऊस पहिले तीन-चार महिने लहान असतो, सरी उन्हाला उघडी असते, तेवढ्यात ही पिके निघून जातात. हरभरा-भुईमुगाच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात, ते वेगळेच. फक्त ॲट्राझिन मारलेल्या सरीत मेथी-हरभऱ्याची आशा धरू नये, म्हणून जागा लागणीआधीच ठरवावी. बियाणे गावठी मिळाले तर उत्तम. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी असली बियाणी घरात जपली म्हणून त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडेही एखाद्या आजीच्या गाडग्यात वालाच्या बिया निघतील, विचारणारा पाहिजे.

आता शाळेचे. १९९५ साली शालेय पोषण आहार सुरू झाला तेव्हा पोरे कोरडे तांदूळ घरी नेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शिजवलेले अन्न देणे आले. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ आणि ५० ग्रॅम भाजी, असे याचे प्रमाण आहे. भाजीचेच पाहा. साठ मुलांच्या शाळेला रोज तीन किलो भाजी लागते. शेकडो एकर ऊस उभा असलेल्या गावाला तीन किलो भाजी जड आहे काय? पण खिचडीत दोन बटाटे अन् चिमूटभर हळद एवढ्यावर भागते, आणि आपण शाळा समितीच्या बैठकीत इमारतीच्या रंगावर तास घालवतो.

अंड्याचेही तसेच. २०२३ च्या अखेरीस आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्याला केळे, असे सुरू झाले होते. २०२५ च्या जानेवारीत शासनाने त्याचा वेगळा निधी बंद केला आणि लोकसहभागातून करा म्हणून सांगितले. लोक म्हणजे कोण? आपणच की! पोराच्या वाढदिवसाला वर्गात चॉकलेटे वाटायची हौस आहे ना, तेवढ्याच पैशात साऱ्या वर्गाला अंडी होतात, नाहीतर शेंगदाण्याचे लाडू.

हंगामात ऊसतोड टोळ्यांबरोबर आलेली पोरे कोपीवर असतात. सकाळी अंधारात केलेली भाकरी आणि मिरचीचा ठेचा यावर त्यांचा दिवस जातो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे त्यांना वर्षात केव्हाही जवळच्या शाळेत बसवता येते, आणि शाळेत बसले की दुपारचे ताटही मिळते. ज्यांच्या आईबापांनी तोडलेल्या उसावर आपले बिल निघते, त्या पोरांना शाळेच्या पंगतीत बसवायला गावाने कां कूं करावे, हे आम्हाला पटत नाही. मुकादमाशी बोलायचे काम चिटबॉयवर न सोपवता त्या शिवारातल्या सभासदाने स्वतः करावे.

येत्या सुरू लागणीची नोंद द्यायला गट कार्यालयात याल तेव्हा भाजीच्या दोन गुंठ्यांचेही शेतकी मदतनिसाच्या कानावर घाला. त्यातली किती जुडी शाळेला देणार, ते मुख्याध्यापकांशी बोलून वार ठरवून घ्या. एका घराकडे एकच वार आला तरी सहा घरांत आठवडा निघतो.