आधी आपले सांडपाणी, मग आपण

भूमध्य समुद्राकाठची मासेमारांची छोटी गावे पाहायला जगभरचे लोक जातात. नागपूरकरांसाठी असे गाव जवळच आहे. कुही, मांढळ, वेलतूर ओलांडले की वैनगंगेकाठी आंभोरा लागते. 2024 मध्ये तेथे केबलचा नवा पूल सुरू झाला आणि गर्दी वाढली. परवा आम्हीही गेलो. पुलावरच्या गॅलरीतून गोसेखुर्दचा अथांग जलाशय पाहिला, ढिवरांचे डोंगे पाहिले, काठावर तळलेली मासोळी खाल्ली. मन प्रसन्न झाले.

जाळे सोडवत बसलेल्या एका म्हाताऱ्या ढिवराने विचारले, ‘कोठचे जी तुमी?’

‘नागपूरचे.’

‘तुमच्या आदी तुमचं पानी येते आमच्याकडे,’ तो म्हणाला.

आम्ही निरुत्तर झालो. नाग नदी शहराची गटारे पोटात घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला मिळते आणि ते सारे गोसेखुर्दच्या धरणात अडते. वाहत्या नदीत घाण पुढे जाते, धरणात ती साचते. जलपर्णी माजते, जाळी अडकतात, मासा मरतो. 1988 मध्ये या धरणाची पायाभरणी झाली. ज्यांची शेती बुडाली त्यांच्याकडे दाखवायला सातबारा तरी होता. नदी हीच ज्याची शेती, त्या ढिवराच्या नुकसानीचा हिशेब कोणी करायचा?

15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात बाबासाहेबांनी नागपूर का निवडले हे सांगताना नाग लोकांची आणि याच नाग नदीची आठवण दिली होती. तिला आज आपण नाला म्हणतो! 1927 मध्ये महाडला आपण पाण्याचा हक्क बजावला. वरच्याने घाण करायची आणि खालच्याने ती निमूट सोसायची, ही रीत आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली. आज नदीच्या वरच्या अंगाला आपले शहर आहे आणि खालच्या अंगाला भटक्या जमातींत मोडणारा ढिवर आहे. मग ही रीत आपणच चालवायची काय?

नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी केंद्राने 2022 मध्ये सुमारे 1,900 कोटींचा प्रकल्प मंजूर केला. त्याचा हिशेब वस्तीवस्तीतून महापालिकेला विचारला पाहिजे. जलपर्यटनाच्या बोटी जरूर याव्यात, पण जलाशयावर पहिला हक्क स्थानिक ढिवरांच्या सहकारी संस्थांचा असावा, बोटीवरचा रोजगारही त्यांच्याच पोरांना मिळावा. आंभोऱ्याला अवश्य जा. मात्र जाण्याआधी आपल्या घराचे सांडपाणी कुठे जाते, तेवढे पाहून जा.