बंद खोलीतील शेती आणि हवेत लपलेले पाणी

३० डिसेंबर २०२४ रोजी श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६० हा प्रक्षेपक झेपावला. त्याच्या चौथ्या टप्प्यावर उभारलेल्या पोएम-४ या मंचावर ‘क्रॉप्स’ नावाची एक छोटी बंद पेटी होती आणि त्या पेटीत चवळीच्या आठ बिया. चार दिवसांत बिया रुजल्या. पाठोपाठ पानेही उमलली. इस्रोने ही वार्ता दिली तेव्हा देशभर आनंद झाला आणि तो रास्तच होता.

त्या बातमीतील एक तपशील मात्र सहज नजरेआड झाला. पेटीत नुसत्या बिया आणि माती नव्हती. तापमान काबूत ठेवणारी सक्रिय व्यवस्था तीत होती. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड, सापेक्ष आर्द्रता, तापमान आणि मातीतील ओलावा यांची मोजणी होत होती. आठ बियांना दोन पाने फुटेपर्यंत जगवायचे, तरी एवढा जामानिमा लागला. ज्या बेंगळुरूत इस्रोचे मुख्यालय आहे त्याच शहरात आज बंद खोलीतील शेतीचे गुणगान चालू आहे. त्या गुणगानात हवेतील आर्द्रतेचा उल्लेख क्वचितच सापडतो. वाद आहे तो इथेच.

जाहिरातींची भाषा ठरलेली आहे. खिडकी नसलेली खोली, एकावर एक मांडलेले थर, एलईडीचा जांभळट प्रकाश आणि दोन आश्वासने: ‘पाणी पंचाण्णव टक्के कमी’ आणि ‘हवामानाची चिंता नाही’. पहिले आश्वासन पाळायचे तर दुसरे पाळता येत नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी ओळखायला हवे. बाहेरच्या हवामानाची चिंता मिटते हे खरे. पण खोलीला स्वतःचे हवामान असते आणि ते बाहेरच्यापेक्षा अधिक हट्टी असते.

वनस्पती मुळांवाटे जेवढे पाणी घेते त्यातील जेमतेम दोन-तीन टक्केच तिच्या देहात उरते. बाकीचे पर्णरंध्रांतून बाष्प होऊन बाहेर पडते. शेतात ते वाऱ्याबरोबर निघून जाते; बंद खोलीत त्याला जायला जागा नाही. म्हणजे ‘वाचलेले’ पाणी खोलीच्या हवेतच असते. यंत्राने ते पुन्हा द्रवरूप करून कुंडीत परत घातले तरच ते वाचले म्हणायचे. पंख्याने बाहेर फेकले तर पंचाण्णव टक्क्यांचा दावाही त्याच पंख्याबरोबर बाहेर गेला. पाण्याची बचत आणि आर्द्रतेचा निचरा ही दोन कामे नाहीत. एकाच कामाची ती दोन नावे आहेत आणि त्या कामाचे मोल विजेत मोजावे लागते.

हिशेब अवघड नाही. दहा किलोवॉटचे दिवे रोज बारा तास लावले तर १२० युनिट वीज खोलीत येते. त्यातील अत्यल्प भाग प्रकाशसंश्लेषणात साठतो. उरलेली जवळजवळ सगळी ऊर्जा अखेर उष्णताच होते. दिवे कितीही कार्यक्षम असले तरी हे चुकत नाही, कारण पानावर पडलेला प्रकाशही शेवटी उष्णतेतच परिणत होतो. केवळ दिव्यांची उष्णता काढायला जवळपास तीन टनांचे वातानुकूलन लागते. आता झाडांनी दिवसाकाठी ८० लिटर पाणी हवेत सोडले असे धरा. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा लागते. म्हणजे १२० पैकी ५४ युनिट बाष्पात दडून बसतात. तापमापकाला ते दिसत नाहीत. पाहणाऱ्याला खोली थंड वाटते आणि हवा मात्र ओलाव्याने भरत जाते.

खरी परीक्षा दिवे मालवल्यावर होते. २६ अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता ही दिवसा उत्तम स्थिती मानावी. तीच हवा, त्यातील बाष्पाचा एक कणही न वाढता, २० अंशांपर्यंत निवली की आर्द्रता ९३ टक्क्यांवर जाते. दवबिंदू १९ अंशांच्या आसपास असतो. एखादी थंड भिंत वा एखादे पान त्याखाली उतरले की त्यावर पाणी जमते. त्याच वेळी दिव्यांची उष्णता नसल्याने थर्मोस्टॅट वातानुकूलन यंत्र थांबवतो आणि ओलावा शोषणारे एकमेव साधन झोपी जाते. सकाळी पानांवर राखाडी बुरशी दिसते तेव्हा दोष बियाण्याला दिला जातो, खतांना दिला जातो, नशिबालाही दिला जातो. रात्रीच्या आर्द्रतेची नोंद कोणी मागत नाही.

यावर उपाय म्हणून वेगळे डिह्युमिडिफायर बसवावे लागते. तेही फुकट राबत नाही. खाल्लेली वीज आणि बाष्प निवताना सुटलेली उष्णता, दोन्ही ते त्याच खोलीत सोडते. ती काढायला पुन्हा वातानुकूलन. उलट, हवा फार कोरडी केली तर पर्णरंध्रे मिटतात आणि वाढ खुंटते. फार ओली ठेवली तर बाष्पोत्सर्जन मंदावते, कॅल्शियम कोवळ्या पानांपर्यंत पोहोचत नाही आणि लेट्यूसच्या आतल्या पानांच्या कडा करपतात. म्हणूनच जाणकार नुसती टक्केवारी पाहत नाहीत, बाष्पदाबाची तूट पाहतात. हवा आणखी किती बाष्प सामावू शकते याचे ते माप. २५ अंशांना ६० टक्के आर्द्रता असताना ही तूट सुमारे १.३ किलोपास्कल असते, ८० टक्क्यांना ती निम्म्यावर येते. हा एक आकडा समजला की खोलीचे अर्धे रहस्य उलगडते.

अवकाशातही यातून सुटका नाही. तिथे अडचण वाढतेच. गुरुत्व जवळपास नसल्याने गरम, ओलसर हवा आपोआप वर जात नाही. ती पानाभोवतीच साचून राहते. २०१५ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरील ‘व्हेजी’ संचात झिनियाच्या रोपांना नेमके हेच भोवले. अतिरिक्त ओलाव्याने पानांवर बुरशी धरली. पंख्याचा वेग वाढवावा लागला आणि पाणी कधी घालायचे याचा निर्णय अंतराळवीर स्कॉट केली यांनी झाडांकडे पाहून घेतला. जानेवारी २०१६ मध्ये फूल उमलले. जगाने फुलाचे छायाचित्र पाहिले. फूल वाचवले ते हवेच्या प्रवाहाने.

अवकाशात बंद पेटीला पर्याय नाही. संशोधनातही तिची गरज निर्विवाद आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील राष्ट्रीय फायटोट्रॉनसारख्या सुविधेत हवामानाचा एकेक घटक वेगळा करून अभ्यासता येतो. त्यासाठी वीज खर्चणे योग्यच. अळिंबीच्या खोल्या हव्यात, टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळाही हव्यात. जळगावचा केळी उत्पादक जाणतो की बाटलीतले रोप थेट शेतात लावता येत नाही. बाटलीतील जवळपास शंभर टक्के आर्द्रतेत वाढलेल्या रोपाची पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत; त्याला टप्प्याटप्प्याने कोरड्या हवेची सवय लावावी लागते. आर्द्रतेचे व्यवस्थापन हे तिथे रोजच्या कामाचे पहिले कलम आहे.

आक्षेप आहे तो कोथिंबीर आणि पालक पिकवण्यासाठी बेंगळुरूसारख्या शहरात खोली बंद करण्याला. समुद्रसपाटीपासून ९०० मीटरहून अधिक उंचीवरच्या या शहराला निसर्गाने सौम्य हवामान बहाल केले आहे. जानेवारीच्या रात्री १५-१६ अंश, एप्रिलच्या दुपारी साधारण ३४. याच हवेच्या बळावर शहराभोवती आणि होसूरच्या पट्ट्यात गुलाबाची हरितगृहे उभी राहिली. छताला झडपा, बाजूंना जाळी. गरम दमट हवा आपल्या पायांनी बाहेर जाते. १९६७ पासून उद्यानविद्येचे संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था याच शहराच्या हेसरघट्ट्यात आहे. सूर्य आणि वारा फुकट देणाऱ्या या गावात दोघांनाही दाराबाहेर ठेवायचे आणि मग विजेने त्यांची नक्कल करायची, याला प्रगती म्हणणे धाडसाचे आहे. त्यातही एक विसरलेली गोष्ट: या उंचीवर हवा सुमारे दहा टक्के विरळ असते, म्हणून समुद्रसपाटीसाठी निवडलेला पंखा इथे तेवढीच उष्णता वाहून नेत नाही. किती प्रकल्प अहवालांत ही दुरुस्ती केलेली असते?

‘बेंगळुरूत पाणीच नाही’ असे उत्तर येईल. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातील हजारो बोअरवेल कोरड्या पडल्या, हे खरे. पण वीजही आकाशातून पडत नाही. देशातील विजेचा मोठा वाटा आजही कोळशाचा आहे. एका युनिटमागे सरासरी ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. वरच्या उदाहरणातील दिव्यांपुरताच हिशेब केला तरी रोजचे ८४ किलो होतात. थंडाव्याचे आणि ओलावा काढण्याचे वेगळे. भांडवलाच्या जोरावर हे गणित टाळता येते असे मानणाऱ्या अमेरिकेतील कंपन्यांचे काय झाले तेही समोर आहे. एअरोफार्म्सने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला, बोअरी फार्मिंग नोव्हेंबर २०२४ मध्ये बंद पडली, प्लेंटीने मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीचा मार्ग धरला. कारणे अनेक होती; विजेचे बिल त्यांत निश्चितच होते.

नुकसान कोणाचे होते हा खरा प्रश्न आहे. मोठा गुंतवणूकदार दुसऱ्या धंद्याकडे वळतो. पण दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन, कर्ज काढून, घराच्या गच्चीवर केशराची किंवा पालेभाज्यांची खोली उभारणारा तरुण पदवीधर बुरशी आणि वीजबिल यांच्या मध्ये सापडतो. त्याला दिवे विकले गेले, रॅक विकले गेले. दवबिंदूचा तक्ता मात्र कोणी दाखवला नाही.

म्हणून यापुढे बंद खोलीतील शेतीच्या प्रत्येक बातमीला आणि प्रत्येक प्रशिक्षणाला तीन आकडे विचारावेत. एक किलो उत्पादनामागे किती युनिट वीज? हवेतून किती लिटर पाणी परत मिळवले? आणि दिवे मालवल्यानंतर दोन तासांनी खोलीची आर्द्रता किती? ‘क्रॉप्स’च्या पेटीत आठ बियांसाठी आर्द्रता मोजली गेली. जो शेकडो झाडे लावू पाहतो आणि इतरांना लावायला सांगतो, त्याने निदान तेवढे तरी मोजावे.