काठ कुठे हवा, कुठे नको

हिवाळ्यात वैनगंगेवर पहाटे धुके उतरले की पवनीच्या घाटावरून काढलेल्या फोटोत आकाश आणि पाणी दोन्ही पांढरे येतात. असा फोटो पांढऱ्या कागदावर छापला तर त्याची वरची कड दिसेनाशी होते. डोंगा मधोमध अधांतरी तरंगतो आणि चित्र नेमके कुठे संपले ते कळत नाही. धुक्यातल्या धानाच्या बांधीत उभ्या सारस जोडीच्या फोटोचेही तेच होते. अशा फोटोला केसाएवढी राखाडी रेघ पुरते. फोटोला बॉर्डर द्यावी की नाही, या जुन्या वादात भूमिका घ्यायची तर सुरुवात इथून करावी. कड हरवत असेल तिथे बॉर्डर हवीच. बाकी सगळीकडे तिची गरज आधी पटली पाहिजे.

जुन्या अल्बममधल्या कृष्णधवल फोटोंची पांढरी कड मुळात शोभेसाठी आलेली नव्हती. अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरखाली कागद सपाट राहावा म्हणून इझलच्या पट्ट्या त्याच्या कडांवर बसत. पट्टीखालच्या भागाला प्रकाश लागत नसे, म्हणून तो डेव्हलपरमध्ये जाऊनही पांढराच राही. ओला फोटो चिमट्याने उचलायला, वाळल्यावर बोटांनी धरायला, अल्बमच्या काळ्या पानावर कोपऱ्यांत खोचायला हीच जागा कामी येई. नागमोडी कातरलेल्या कडांची हौस त्यावर चढली. पुढे रंगीत रोल आणि मिनीलॅब आल्या, पोस्टकार्ड आकाराचे फोटो कडेपर्यंत छापून मिळू लागले आणि पांढरी पट्टी जुनाट वाटू लागली. पट्टी गेली तसे बोटांचे ठसे सरळ चेहऱ्यांवर उमटू लागले.

काळ्या बॉर्डरची गोष्ट वेगळी. फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ १९४८ च्या जानेवारीत दिल्लीत होते. गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची त्यांची छायाचित्रे जगभर गेली. त्यांच्या अनेक प्रिंटना बारीक काळी चौकट असते. ती निगेटिव्हच्या भोवतालच्या कोऱ्या फिल्मची. ‘२४ बाय ३६ मिलिमीटरमध्ये जे टिपले ते सगळे इथे आहे, काहीही कापलेले नाही,’ अशी ती ग्वाही होती. मात्र पॅरिसच्या साँ-लाझार स्थानकामागे डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचा त्यांचा १९३२ चा गाजलेला फोटो कापलेलाच आहे. आज तर कुठल्याही मोबाइल अॅपमध्ये बोट टेकवले की तशीच काळी कड उमटते. फोटो आधी दोन्ही बाजूंनी छाटायचा आणि मग त्याला न छाटल्याची खूण लावायची, हे खोटे आहे. ते करू नये.

हा मुद्दा भंडाऱ्यात तात्त्विक राहत नाही. नागझिऱ्यातून निघून २०१३ मध्ये उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात आलेला ‘जय’ वाघ एप्रिल २०१६ पासून दिसेनासा झाला. वाघाची ओळख त्याच्या अंगावरच्या पट्ट्यांवरून पटते, आणि डाव्या-उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात. पर्यटकाने काढलेला फोटो ही अशा वेळी नोंद असते. त्यावर जाड सजावटीची चौकट चढवून शेपटीकडचा भाग झाकला किंवा चौकटीत मावावा म्हणून कापला, तर नोंदीचा तेवढा तुकडा गेला. कोका असो, नागझिरा असो की पवनीचे प्रवेशद्वार, वन्यजीवांचा फोटो बॉर्डरशिवाय ठेवावा आणि मूळ फाइल कधीही पुसू नये.

नजरेचा हिशेबही लक्षात घ्यावा लागतो. पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेतल्या रंगविभागाचे प्रमुख मिशेल शेव्रल यांनी १८३९ मध्ये दाखवून दिले, की रंग शेजारच्या रंगाप्रमाणे वेगळा भासतो. फोटोच्या कडेलाही हाच नियम लागू आहे. पांढऱ्या पट्टीत बसवलेले चित्र अधिक गडद आणि करकरीत दिसते, काळ्या पट्टीत तेच उजळ आणि थोडे मऊ. बांबूच्या रांजीतला फोटो संगणकाच्या काळ्या पडद्यावर ठीकठाक करून पांढऱ्या कडेसह छापला, की तो काळवंडल्यासारखा वाटतो आणि बोल मात्र प्रिंटरला बसतो. छापायचा फोटो पांढऱ्या पार्श्वभूमीवर ठेवूनच तपासावा.

मोहाडी आणि आंधळगाव या भागात करवतकाठी साड्या विणणाऱ्यांना काठाचे हे गणित हातात भिनलेले असते. अंग टसरचे, काठ सुती. तीन धोटे चालतात आणि दोन्ही धागे करवतीच्या दात्यांसारखे एकमेकांत अडकतात. तो काठ मागून शिवलेला नसतो. फोटोची बॉर्डरही चित्र काढतानाच ठरवलेली असावी. वाढदिवसाच्या फोटोभोवती मागाहून चिकटवलेल्या सोनेरी वेली, फुगे आणि झगमगते वर्ख चेहऱ्याकडे नजर जाऊच देत नाहीत. इन्स्टाग्रामवर २०१० पासून ऑगस्ट २०१५ पर्यंत फक्त चौरस फोटो चालत, तेव्हा आडव्या फोटोला वर-खाली पांढऱ्या पट्ट्या जोडण्याला कारण होते. ते कारण संपले. सवय अजून राहिली आहे.

भिंतीवरच्या फोटोला मात्र कड हवीच, आणि त्याबाबत हा स्तंभ ठाम आहे. विदर्भाच्या पावसाळ्यात फोटो थेट काचेला टेकला तर ओलाव्याने त्याचा चकाकता थर काचेला चिकटतो, मग काढताना चेहरा सोलून निघतो. मधोमध खिडकी कापलेला पुठ्ठ्याचा माउंट लावला की काच आणि फोटो यांत फट राहते. ओल आणि बुरशी कडेकडून आत शिरतात. रुंद पांढरी पट्टी असली तर पहिला डाग तिच्यावर पडतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेचे पाणी भंडाऱ्यातल्या वस्त्यांमध्ये शिरले होते. नदीकाठच्या घरांत आजी-आजोबांच्या एकुलत्या एक फोटोसाठी एवढी काळजी घ्यायलाच हवी. चिकटलेला फोटो ओढून सोडवू नये. आधी काचेसकटच त्याचा मोबाइलवर नीट फोटो काढून ठेवावा.

छापायला देताना एक हिशेब दुकानातच सांगावा. बारा बाय अठरा इंचांच्या कागदावर चारही बाजूंना एक इंच सोडले, तर उरतात दहा बाय सोळा. कॅमेऱ्याचे चित्र सहसा दोनास तीन या प्रमाणात असते, म्हणून तिथे ते दहा बाय पंधरा बसते आणि लांबीच्या दोन्ही टोकांना अर्धा-अर्धा इंच जादा उरतो. तो तसाच राहू द्यावा. पट्टी चारही बाजूंना सारखी दिसावी म्हणून चित्र ताणून किंवा मोठे करून बसवले, तर एक तर चेहरे बेढब होतात किंवा मागच्या रांगेत उभ्या असलेल्या काकाचे डोके अर्धे कापले जाते.