आभासी गावाचा दाखल क्रमांक

ग्रंथपाल हा प्राणी स्वभावाने गरीब असतो. पण हातात वर्गीकरणाचे कोष्टक आले की त्याचा चित्रगुप्त होतो. कोणी कुठल्या कपाटात जायचे हे तो ठरवणार, आणि त्यावर अपील नाही.

सध्याचा वाद असा. संगणकावर जी आभासी जगे असतात, म्हणजे २००३ साली निघालेले ‘सेकंड लाइफ’ किंवा हल्लीच्या पोरांचे ‘माइनक्राफ्ट’, त्यांच्यावरची पुस्तके आणि कात्रणे ठेवायची कुठे? माझे एक ग्रंथपाल मित्र ड्यूईसाहेबांच्या जिवावर म्हणतात, “७९४.८. संगणकीय खेळ. बुद्धिबळाच्या शेजारी. विषय संपला!”

संपला कसा? खेळ म्हटला की कोणी जिंकतो, कोणी हरतो, हरलेला रुसतो आणि पट गुंडाळला जातो. सेकंड लाइफमध्ये जिंकायचे काहीच नाही. तिथे माणसे जमीन घेतात, घर बांधतात, लग्ने लावतात. अँशे चुंग या नावाने वावरणाऱ्या बाईंनी तर तिथल्या जमिनीच्या धंद्यावर दहा लाख डॉलरची मालमत्ता केल्याचे २००६ साली जाहीर केले. सात-बाराशिवाय! एका माडाला सतरा हिस्सेदार असलेल्या कोकणी माणसाने हे वाचून गप्प कसे बसावे? बुद्धिबळाच्या पटावरची चौसष्ट घरे कोणी विकल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

दुसरा पक्ष म्हणतो, ही संगणकाची करामत, सबब ००६.८. म्हणजे घर चिऱ्याचे आहे म्हणून त्याची नोंद चिरेखाणीत करायची!

माझे म्हणणे साधे आहे. ही गावे आहेत. त्यांना भूगोल-इतिहासाच्या कपाटात, नवशेच्या घरात बसवा. पुरावा हवा तर आचऱ्याला या. रामेश्वराचा कौल झाला की आमची गावपळण होते. गुरे, कोंबड्या, मांजरे, म्हातारी माणसे, सगळ्यांसकट गाव वेशीबाहेर जाते आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्यांत राहते. त्या वेळी आचरा कुठे असतो? कुलपे लावलेल्या घरांत, की वेशीबाहेर जिथे माशाची कढी उकळतेय तिथे? नकाशात ती वस्ती नाही, चौथ्या दिवशी तिचा मागमूसही नसतो. पण तिला ‘खेळ’ म्हणून बघा कोणाच्या तोंडावर!

माझा नातू मे महिन्यात मुंबईहून येतो आणि माइनक्राफ्टमध्ये मांगर बांधतो. “आजोबा, थंय ढोरांय आसत!” हे तो ज्या अभिमानाने सांगतो, तो अभिमान बुद्धिबळातल्या घोड्याबद्दल मी कधी पाहिलेला नाही.

आणि हा नुसता कपाटाचा प्रश्न नव्हे. २००५ साली वसलेले ‘क्लब पेंग्विन’ हे मुलांचे जग मालक कंपनीने मार्च २०१७ मध्ये बंद केले. मुले शेवटच्या दिवशी निरोप द्यायला जमली होती. खेळाच्या कार्डावर काय राहते? नाव आणि बनवणारी कंपनी. गावाच्या कार्डावर वस्ती, चालीरीती, वसल्याचे साल, उठल्याचे साल, सगळे मागावे लागते, आणि मागितले तरच कोणी लिहून ठेवते. उजनीच्या पाण्यात गेलेल्या पळसदेवचे देऊळ पाणी ओसरले की निदान दिसते तरी. बंद झालेल्या सर्व्हरमधून काहीएक वर येत नाही.

आपल्या रंगनाथनांनी द्विबिंदू वर्गीकरणात (१९३३) स्थळ आणि काळ यांना मान दिला तो काय शोभेसाठी? बरे, ‘रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेने २०२० साली माइनक्राफ्टच्या आतच एक ग्रंथालय बांधले. ठिकठिकाणी दडपलेले लेख तिथे वाचायला मिळतात. आमच्या मित्रांच्या हिशेबाने ते अख्खे ग्रंथालयही बुद्धिबळाच्या शेजारीच जायचे. ग्रंथपालाने ग्रंथालयावर इतका सूड उगवू नये.

जागा नाही ही सबबही चालणार नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या गॅझेटियरशेजारी वीतभर मोकळी फळी आहे. सध्या तिथे भजनाच्या झांजा ठेवल्यात. त्या मी हलवतो.